ठसा खरा, पण यादी जुनी?

विमानतळावर प्रवाशांची तपासणी होते, हे आपण जाणतो. पण तेथील कर्मचाऱ्यांना आत कसे सोडतात?

७ डिसेंबर १९८७ रोजी अमेरिकेत लॉस एंजेलिसहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेले विमान कोसळले. त्यातील सर्व ४३ जण मृत्युमुखी पडले. कामावरून काढलेल्या एका माणसाने तपासणी चुकवून पिस्तूल आत नेले होते. त्याचे ओळखपत्र परत घेतलेलेच नव्हते!

ओळखपत्र हरवते, दुसऱ्याच्या हाती पडते. बोटांचे ठसे आणि डोळ्यातील बुबुळाची नक्षी मात्र ज्याची त्यालाच. म्हणून कॅनडातील मोठ्या विमानतळांवर कर्मचाऱ्यांच्या ओळखपत्राला या दोन्हींची जोड दिली आहे. दारावरील यंत्र ती ताडून पाहते.

पण थोडा विचार करा. त्या माणसाचे बोट तर त्याचेच होते! 'हा कोण' एवढेच ठसा सांगतो. 'याला आत सोडावे का' हे यादी ठरवते. नोकरी सुटली की त्याच दिवशी यादीतून नाव काढायला दक्ष माणूसच लागतो.

वर्गात चर्चा करा : आपल्या शाळेच्या किल्ल्या कोणाकोणाकडे आहेत? ती यादी शेवटची कधी तपासली?