घरचे दंतमंजन आणि मशेरीची डबी

गेल्या आठवड्यात एका वाचक भगिनींचे पत्र आले. बाजारातल्या पेस्टमध्ये रसायने असतात असे ऐकते, तेव्हा घरच्या घरी नैसर्गिक वस्तूंचे दंतमंजन कसे करावे ते सांगाल का, असे त्यांनी विचारले आहे. पत्राच्या शेवटी एक ओळ आहे : ‘सध्या मी घरी भाजलेली मशेरीच लावते, तीही नैसर्गिकच आहे, पण सूनबाईला तिचा वास आवडत नाही.’

मंजनाची कृती मी सांगणार आहेच. पण ती शेवटची ओळ वाचल्यावर मशेरीविषयी आधी लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

आमच्या लहानपणी मोठी आत्या महिन्यातून एकदा मशेरी भाजायला बसे. तंबाखूची पाने तव्यावर पडली की साऱ्या घराला ठसका लागायचा आणि आम्ही पोरे अंगणात पळायचो. पाने काळीठिक्कर झाली की ती चुरून, फडक्यातून गाळून पत्र्याच्या डबीत भरायची. आमच्यापैकी कुणाचा दात दुखला की आत्या चिमूटभर मशेरी त्या दातावर दाबून धरी. दुखणे जरा कमी वाटायचे आणि डोके गरगरायचे. ते गरगरणे निकोटिनचे होते, हे कळायला मला मेडिकल कॉलेजात जावे लागले.

मशेरी म्हणजे तंबाखूच. भाजल्याने तिचे विष जळून जाते अशी समजूत आहे, ती खोटी आहे. तंबाखूत नायट्रोसामाइन नावाची कर्करोग उत्पन्न करणारी द्रव्ये मुळातच असतात, आणि पाने जाळताना धुरातली घातक द्रव्ये त्यांत आणखी भर घालतात. ही पूड हिरडीवर आणि ओठाच्या आतल्या नाजूक त्वचेवर रोज, वर्षानुवर्षे चोळली जाते. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने 2007 च्या अहवालात बिनधुराच्या तंबाखूला, म्हणजे खायच्या, चोळायच्या, ओढायच्या तपकिरीसारख्या सर्व प्रकारांना, माणसात निश्चितपणे कर्करोग करणारा पदार्थ म्हटले आहे. गरोदर बाईने मशेरी लावली तर निकोटिन रक्तातून बाळापर्यंत जाते आणि बाळ कमी वजनाचे होण्याचा धोका वाढतो. आपल्या सरकारने 1992 साली टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालण्यावर बंदी घातली. मात्र कायदा कारखान्यापर्यंत पोचतो, आपल्या चुलीवरच्या तव्यापर्यंत पोचत नाही.

इथे माझी एक चूक सांगतो. 1999 सालची गोष्ट. दवाखाना सुरू करून मला तीन वर्षे झाली होती. शेतमजुरी करणाऱ्या, पंचेचाळिशीच्या एक बाई आल्या. खालच्या ओठाच्या आत, हिरडीलगत जखम झाली होती. मी विचारले, ‘मावशी, तंबाखू खाता का?’ ‘न्हाई डॉक्टर, तंबाखू मी कधी तोंडात घातली न्हाई.’ मी बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या आणि वरून लावायचे औषध दिले. तीन आठवड्यांनी त्या पुन्हा आल्या, जखम तशीच होती. मी गोळ्या बदलून दिल्या. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा चार महिने उलटले होते आणि जबड्याखाली कडक गाठ हाताला लागत होती. त्या दिवशी सोबत मुलगी होती. ती म्हणाली, ‘आई दिवसातून चारदा मशेरी लावती.’ आणि मावशी आश्चर्याने म्हणाल्या, ‘अगं, ती दाताला लावायची असती, खायची कुठं?’

बाई खोटे बोलल्या नव्हत्या. मला विचारता आले नव्हते. त्यांना मुंबईला टाटा रुग्णालयात पाठवले. जबड्याचा भाग काढावा लागला, किरणोपचार झाले. सव्वा वर्षाने त्या गेल्या. पहिल्याच भेटीत पाठवले असते तर खात्रीने वाचल्या असत्या असे म्हणता येणार नाही, पण हा रोग लहान जखमेच्या अवस्थेत सापडला तर बरा होण्याची शक्यता कितीतरी अधिक असते, एवढे मला तेव्हाही माहीत होते. त्यानंतर मी कुठल्याही बाईला ‘तंबाखू खाता का’ एवढेच विचारून थांबत नाही. ‘सकाळी दाताला काय लावता, आणि दिवसातून किती वेळा?’ असे विचारतो. उत्तरे फार वेगळी येतात.

मशेरी सोडा म्हटले की बहुतेक जणी एकच अडचण सांगतात : ‘लावल्याशिवाय पोट साफ होत नाही.’ हे खरे आहे. निकोटिन आतड्याची हालचाल वाढवते, आणि सवय झालेले आतडे मग त्याची वाट पाहत बसते. मशेरी सोडल्यावर काही दिवस डोके दुखते, चिडचिड होते, शौचाला होत नाही. दोन-चार आठवड्यांत हे ओसरते. सकाळी उठल्याबरोबर दोन भांडी कोमट पाणी प्यावे, जेवणात पालेभाजी वाढवावी, रात्री चमचाभर इसबगोल भरपूर पाण्यातून घ्यावे. त्याहून अवघड असते ती बोटाची सवय. ओसरीवर बसून, दातांवर बोट फिरवत शेजारणीशी दोन शब्द बोलायचे, एवढाच काय तो बाईच्या दिवसातला मोकळा वेळ असतो. तो काढून घ्यायचा आणि वर उपदेश करायचा, याने मशेरी सुटत नाही. म्हणून मी सांगतो, बसा तशाच, डबीही तीच असू द्या, घासूनपुसून घ्या, फक्त आतला जिन्नस बदला. दोन मिनिटे मंजन लावून चूळ भरा आणि चिमूटभर बडीशेप तोंडात धरून हव्या तेवढ्या गप्पा मारा. घरच्या मंजनाचा मी पाहिलेला सर्वांत मोठा उपयोग हाच आहे.

आता कृती. औषधाच्या दुकानातून ‘प्रेसिपिटेटेड चॉक’, म्हणजे शुद्ध कॅल्शियम कार्बोनेटची मऊ पूड आणावी. नसेल तर सांगून ठेवावे, मागवून देतात. शाळेतला फळ्यावरचा खडू कुटून घेऊ नये. ही पूड चार चमचे, खाण्याचा सोडा एक चमचा, अगदी बारीक केलेले मीठ पाव चमचा आणि लवंगांची पूड पाव चमचा. आवडत असल्यास सावलीत वाळवलेल्या पुदिन्याची पूड घालावी. प्रत्येक जिन्नस वेगवेगळा वस्त्रगाळ करावा आणि मग मिसळावा. चिमटीत धरून चोळून पाहावे, जरा जरी रवाळ लागले तरी पुन्हा गाळावे. या कामात आळस नको, कारण दाताची झीज याच रव्याने होते. कोरड्या डबीत भरावे, डबीत ओले बोट घालू नये, तळहातावर काढून घ्यावे. महिनाभर पुरेल एवढेच करावे.

सोड्याच्या बाबतीत एक इशारा. खाण्याचा सोडा आणि धुण्याचा सोडा दिसायला सारखे असतात. धुण्याचा सोडा तोंड भाजून काढतो. माझ्याकडे एक गृहस्थ तोंडभर फोड घेऊन आले होते, घरात दोन्ही सोडे एकसारख्याच बरण्यांत ठेवलेले होते. पापडखारही दाताला लावू नये.

राखुंडी, कोळशाची पूड, विटेची भुकटी, गेरू, बारीक वाळू हे सारे ‘नैसर्गिक’ असले तरी दातांचे शत्रू आहेत. राखुंडीने दात लख्ख होतात, याचे कारण ती डागांबरोबर दाताचे कवचही खरवडते. हे कवच शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ आहे, पण एकदा झिजले की पुन्हा तयार होत नाही. त्याच्या आतला थर पिवळसर असतो, म्हणून काही वर्षांनी दात उलट अधिक पिवळे दिसू लागतात आणि थंड पाण्याने शिवशिवतात. लिंबाची फोड दातांवर चोळण्याचा उपाय मोबाइलवर फार फिरतो आहे. लिंबाच्या आम्लात दाताचे कवच चक्क विरघळते. लवंगेचे तेल दातदुखीवर तात्पुरते चांगले, पण कापसाच्या बोळ्यावर एखादा थेंब, तोही दातावरच. हिरडीला लागले तर भाजते. लहान मुलांना ते देऊ नये, पोटात गेले तर घातक ठरते. कापूरही मुलांच्या मंजनात नको.

हिरड्या सुजल्या असतील तर पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून दोन-तीन वेळा गुळण्या कराव्यात. बाभळीच्या सालीचा किंवा पेरूच्या पानांचा काढा तुरट असतो, त्याच्या चुळांनीही बरे वाटते. काढा त्याच दिवशी संपवावा. परंतु हिरड्यांतून रोज रक्त येत असेल तर त्याचे कारण बहुधा दाताच्या मुळाशी साचलेले कीटण असते. ते दगडासारखे घट्ट होते, कुठल्याही मंजनाने किंवा काढ्याने निघत नाही. ते दंतवैद्याकडूनच काढून घ्यावे लागते. ‘दात साफ केले की हलायला लागतात’ हे सर्रास ऐकू येते. कीटणाने हिरडी आणि हाड आधीच सोडलेले असते, कीटण निघाल्यावर ते फक्त जाणवते. मधुमेह असलेल्यांनी तर हिरड्यांकडे मुळीच दुर्लक्ष करू नये.

कडुनिंबाची किंवा बाभळीची काडी वापरणाऱ्यांनी ती खुशाल वापरावी. ताजी तोडावी, टोक चावून मऊ कुंचा करावा आणि हिरडीकडून दाताकडे हलक्या हाताने फिरवावी. दाढांच्या आतल्या बाजूला काडी पोचत नाही, एवढे ध्यानात असू द्यावे.

राहता राहिली पेस्टमधल्या रसायनांची भीती. रसायन तर मीठही आहे. पेस्टमधल्या ज्या रसायनाने दात किडण्याचे प्रमाण खरोखर कमी होते ते फ्लोराइड, आणि आपल्या घरच्या मंजनात ते नसते. 2021 साली जागतिक आरोग्य संघटनेने फ्लोराइडयुक्त टूथपेस्टचा आवश्यक औषधांच्या यादीत समावेश केला. म्हणून माझा सल्ला असा, की सकाळी घरचे मंजन लावा, पण रात्री झोपताना वाटाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट मऊ ब्रशवर घेऊन दात घासा, फेस थुंका. त्यानंतर काही खाऊ नये. तीन वर्षांखालच्या मुलांना तांदळाच्या दाण्याएवढीच पेस्ट पुरते, आणि ती गिळू नये म्हणून मोठ्या माणसाने समोर उभे राहावे. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांत विहिरी-बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे. तिथल्या पालकांनी मुलांच्या पेस्टविषयी डॉक्टरांना विचारून घ्यावे.

पत्रलेखिका भगिनींना आता एक विनंती. मंजनाचे साहित्य आणायला जाण्याआधी दिवसाच्या उजेडात आरसा घेऊन बसा. खालचा ओठ बाहेर ओढून आतली बाजू पाहा, मग वरचा ओठ, दोन्ही गाल, जीभ उचलून तिच्या खाली. पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम, बोटाला लागणारी गाठ, न दुखणारी असली तरी, यांपैकी काही आढळले तर त्याच आठवड्यात दाखवा. तोंड उघडून स्वतःची तीन बोटे उभी आत जातात का तेही पाहा, जात नसतील तरी दाखवा. ग्रामीण रुग्णालयातही दंतवैद्य असतात. पांढरा चट्टा म्हणजे कर्करोग नव्हे. मशेरी सुटली की पुष्कळदा तो मावळतो, पण तो कोणत्या जातीचा आहे हे तपासल्याशिवाय कळत नाही.

मशेरी एकटीने सुटत नसेल तर तंबाखू सोडण्यासाठी सरकारची मोफत दूरध्वनी सेवा आहे, क्रमांक 1800-11-2356. आणि सूनबाईंना वास आवडत नाही, ही गोष्ट मनावर घेऊ नका. उलट आरसा धरायला त्यांनाच बोलवा, जिभेखालचे आपले आपल्याला नीट दिसत नाही.