खिळा ठोकायचे पैसे कोण देणार? घरात फ्रेम लावून देण्याचा छोटा व्यवसाय

व्हिडिओत आपण प्रत्यक्ष भिंतीवर काम करून बघितलं. तेच मुद्दे इथे लिहून देतोय, म्हणजे गिऱ्हाइकाच्या घरी उभं राहूनही तुम्हाला वाचता येतील.

भिंतीवर चित्र लावायची आपली हौस जुनी आहे. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला आणि पुढे आपल्याच पुणे जिल्ह्यात, मळवलीला आला. तिथल्या छापील चित्रांमुळे देवदेवता साध्या घरांच्या भिंतींवर पोहोचल्या. आज रांजणगाव आणि कुरकुंभ एमआयडीसीत नोकरी करणारी मंडळी शिरूर-दौंड भागात फ्लॅट घेतात. वास्तुशांतीला आलेल्या फ्रेम्स, लग्नाचा फोटो, महाराजांची प्रतिमा, सगळं पलंगाखाली पडून असतं. दोन खिळ्यांसाठी सुतार येत नाही आणि स्वतः ठोकायला गेलं की प्लास्टर निघतं. इथेच तुमचं काम आहे.

"पण सर, खिळा ठोकायचे पैसे कोण देणार?" खरंय, खिळ्याचे कोणीच देणार नाही. मग कशाचे देतील, ते मी चुकून शिकलो. दौंडला एका नातेवाइकांकडे मी आजींचा फोटो लावला होता. नुसता खिळा, तोही प्लास्टरमध्येच अडकलेला. आठवड्याभरात फ्रेम खाली आली. काचेचा ओरखडा नेमका आजींच्या चेहऱ्यावर उमटला. तो त्यांचा एकमेव फोटो होता. कोणी मला बोललं नाही, पण मला त्या घरात मान वर करता येईना. तेव्हापासून सांगतो, गिऱ्हाईक पैसे देतं ते जबाबदारीचे.

कामाचा क्रम असा ठेवा:

१. आधी फोटो काढा. जुनी फ्रेम हातात घेण्याआधी मोबाईलवर तिचा स्पष्ट फोटो काढून घरच्यांना पाठवा.

२. विचारा. गेलेल्या माणसांचे फोटो बरेच जण दक्षिणेच्या भिंतीवर लावतात. वाद घालू नका, घरच्यांची पद्धत पाळा. फक्त थेट ऊन येणारी आणि ओल असलेली भिंत टाळायला सांगा. रंग उडतो, कागद खराब होतो.

३. जमिनीवर मांडा. वर्तमानपत्राचे फ्रेमच्या मापाचे तुकडे कापून भिंतीला चिकटपट्टीने लावा. मोठी फ्रेम मध्याजवळ, दोन फ्रेम्समध्ये २ ते ३ इंच जागा. घरच्यांनी "हो" म्हटल्यावरच ड्रिल हातात घ्या.

४. उंची मोजा. मोकळ्या भिंतीवर फ्रेमचा मध्य जमिनीपासून साधारण ५८ इंचांवर ठेवा. सोफ्यावर लावायची असेल तर पाठीच्या वर ६ ते ८ इंच. ६ फुटी सोफ्यावर सगळी मांडणी मिळून ४ फूट रुंद छान दिसते.
हुकाचा हिशोब सोपा आहे. फ्रेम २४ इंच उंच आहे, मागची तार वर ताणल्यावर फ्रेमच्या वरच्या कडेपासून ३ इंच खाली राहते. म्हणजे ५८ + १२ − ३ = ६७ इंचांवर हुक.

५. भिंत ओळखा. विटांच्या भिंतीत ड्रिल प्लास्टर ओलांडून विटेत गेलं पाहिजे. मग प्लास्टिक प्लग आणि स्क्रू. नव्या इमारतींत हलके सिमेंटचे ब्लॉक असतात; तिथे हॅमर मोड बंद ठेवा आणि त्या ब्लॉकसाठीचेच प्लग वापरा. स्विचबोर्डच्या सरळ वर, खाली किंवा आडव्या रेषेत भोक पाडू नका, आत वायर असते. बाथरूमच्या भिंतीत पाइप असतो.

६. जड फ्रेमला दोन हुक. पाणसळ लावून दोन्ही एका रेषेत घ्या. मागे खालच्या कोपऱ्यांना रबरी बटणं चिकटवा. फ्रेम सरकत नाही आणि मागे हवा खेळते.

७. स्वतः झाडून घ्या. भोकाखाली पाकीट चिकटवलं तर धूळ त्यातच पडते. पुढचं गिऱ्हाईक यावरूनच मिळतं.

आता दर. समजा भेटीचे २०० रुपये आणि फ्रेममागे ८०. सहा फ्रेम्सचे ६८० झाले. पेट्रोल, प्लग, स्क्रूचे १४० वजा जाता ५४० उरले. हे फक्त उदाहरण आहे, आपल्या गावात चौकशी करून आकडे बदला. शिरूर आणि दौंड एकाच दिवशी धरू नका, नाहीतर कमाई रस्त्यावरच जाईल. वार ठरवून घ्या. फ्रेमवाल्या दुकानदाराशी आधी बोला, कारण फ्रेम घेणारा प्रत्येक माणूस त्याच्याकडेच येतो.

गृहपाठ: या रविवारी स्वतःच्या घरातली एक भिंत करा. महिनाभर तिच्यावर लक्ष ठेवा. फ्रेम हलली नाही, वाकडी झाली नाही, तर दुसऱ्याच्या घरात पाऊल ठेवा. त्या भिंतीवर कोणाचा तरी एकमेव फोटो असू शकतो.