नोंदीतील एक अक्षर

वाण्याच्या दुकानात डब्यांच्या रांगा मांडलेल्या असतात. प्रत्येक डब्यावर एक चिठ्ठी असते आणि त्या चिठ्ठीवर विश्वास ठेवून दुकानातील पोऱ्या हात घालतो. साखर आणि मीठ ही दोन्ही पांढरी, दोन्ही दाणेदार. मिठाच्या डब्यावर चुकून 'साखर' अशी चिठ्ठी लागली, तर दुकानात काहीच बिघडल्यासारखे दिसत नाही. बिघाड कळतो तो गिऱ्हाइकाच्या घरी, खिरीचा पहिला घोट घेतल्यावर.

ग्रंथालयाचेही असेच आहे. मोठ्या ग्रंथालयात केवळ छापील पुस्तके नसतात. तेथे मासिके असतात, नकाशे असतात, जुन्या पोथ्या असतात. भाषणांच्या व गायनाच्या ध्वनिमुद्रिका असतात, चित्रपटांच्या तबकड्या असतात, अंध वाचकांसाठी ब्रेल लिपीतील ग्रंथ असतात, आणि आता तर कपाटात जागाच न घेणारी ई-पुस्तकेही असतात. एवढा पसारा वाचक स्वतः धुंडाळू शकत नाही. त्याचा सारा भरवसा असतो तो तालिकेवर. तालिका म्हणजे ग्रंथालयातील प्रत्येक वस्तूच्या नोंदींचा संग्रह. पूर्वी ह्या नोंदी लहान लहान पत्रांवर लिहून लाकडी खणांत ओळीने लावीत. आज त्या बहुधा संगणकात असतात. नोंदीत लेखकाचे नाव असते, शीर्षक असते, प्रकाशनाचे वर्ष असते. आणि ती वस्तू मुळात आहे तरी काय, हे सांगणारी एक जागा असते. तिला 'साहित्यप्रकार' म्हणतात.

येथे शब्दाचा अर्थ नीट ध्यानी घ्यावयास हवा. मराठीत 'साहित्य' ह्या शब्दाला दोन अर्थ आहेत. कविता, नाटक, कादंबरी हेही साहित्य. आणि स्वयंपाकाला लागणारे पीठ, मीठ, तेल हेही साहित्यच. तालिकेतील साहित्यप्रकार हा दुसऱ्या अर्थाशी जवळचा आहे. मजकूर कथेचा आहे की काव्याचा, हे तो सांगत नाही. तो सांगतो, की हातात येणारी वस्तू छापील आहे की हस्तलिखित, ऐकावयाची आहे की पाहावयाची.

ह्या एका जागेचे एवढे महत्त्व का, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. साने गुरुजींनी 'श्यामची आई' हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले आणि १९३५ साली ते प्रसिद्ध झाले. त्यावरून आचार्य अत्रे यांनी १९५३ साली त्याच नावाचा चित्रपट काढला, आणि राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार सुरू झाले तेव्हा पहिले सुवर्णपदक त्यालाच मिळाले. पुढे २०२३ साली ह्याच नावाचा आणखी एक चित्रपट आला. आता समजा, एका ग्रंथालयात ह्या नावाचे छापील पुस्तक आहे, ब्रेल प्रत आहे, पुस्तकाच्या वाचनाची ध्वनिमुद्रिका आहे आणि चित्रपटाची तबकडीही आहे. शीर्षक एक, वस्तू चार.

त्या ग्रंथालयात एक अंध विद्यार्थिनी येते. शाळेतील कथाकथनासाठी तिला हे पुस्तक स्वतः वाचावयाचे आहे. सेवक संगणकात शीर्षक शोधतो. चारही नोंदींपुढे 'पुस्तक' एवढाच प्रकार लिहिलेला आहे. तो पहिल्या नोंदीचा क्रमांक टिपतो आणि कपाटातून छापील प्रत आणून तिच्या हाती ठेवतो. ती पानांवरून बोटे फिरविते. पाने सपाट आहेत. "दुसरी प्रत नाही का?" असे ती विचारते. सेवक पुन्हा पाहतो आणि म्हणतो, "सगळी पुस्तकेच दिसतात, ताई." मुलगी रिकाम्या हातांनी परत जाते. आणि ब्रेल प्रत? ती त्याच इमारतीत, पलीकडच्या दालनात, आपल्या वाचकाची वाट पाहत धूळ खात पडलेली असते. कोणी खोटे बोलले नाही, कोणी आळस केला नाही. ज्याने नोंद केली त्याने केवळ एक जागा विचार न करता भरली होती.

प्राचीन काळी हा प्रश्न फारसा उद्भवत नसे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात इजिप्तमधील अलेक्झांड्रिया येथे फार मोठे ग्रंथालय होते. तेथील कॅलिमाकस नावाच्या विद्वानाने ग्रंथांची एक विस्तृत सूची रचली. ती १२० गुंडाळ्यांची होती असे सांगतात. कवी, वक्ते, इतिहासकार असे विभाग तिच्यात होते. परंतु ग्रंथ म्हणजे गुंडाळी, हे तेव्हा ठरलेलेच होते; वस्तू कोणती हे निराळे सांगण्याची गरज नव्हती. पुढे मुद्रणकला आली, नकाशे छापले जाऊ लागले, आवाज साठविता येऊ लागला, चित्रे हलू लागली. वस्तूंच्या जाती वाढल्या, तसा नोंदीतील हा प्रश्न महत्त्वाचा झाला.

संगणकाला 'हा नकाशा आहे' असे सांगावयाचे कसे? ह्या प्रश्नाचे उत्तर १९६० च्या दशकात अमेरिकेतील 'लायब्ररी ऑफ काँग्रेस' ह्या ग्रंथालयात शोधले गेले. हेन्रिएट ॲव्हराम ह्या बाईंच्या मार्गदर्शनाखाली तेथे यंत्राला वाचता येईल अशी नोंदीची पद्धत तयार झाली. तिला 'मार्क' म्हणतात. जगातील असंख्य ग्रंथालये आज तिच्याच सुधारलेल्या रूपाचा उपयोग करतात. ह्या पद्धतीत प्रत्येक नोंदीच्या आरंभी चोवीस स्थानांची एक ओळ असते. ही स्थाने शून्यापासून मोजतात. त्यांतील सहावे स्थान, म्हणजे ओळीतील सातवे अक्षर, साहित्यप्रकाराचे असते. तेथे इंग्रजी वर्णमालेतील एकच अक्षर लिहितात. 'ए' म्हणजे छापील मजकूर, 'टी' म्हणजे हस्तलिखित मजकूर, 'ई' म्हणजे छापील नकाशा, 'जी' म्हणजे चित्रपटासारखी पडद्यावर पाहावयाची वस्तू, 'आय' म्हणजे बोलण्याचे ध्वनिमुद्रण, 'जे' म्हणजे संगीताचे ध्वनिमुद्रण, आणि 'आर' म्हणजे प्रतिकृती, खेळणे वा नाणे ह्यांसारखी घन वस्तू. केवढे लहान अक्षर, आणि केवढे मोठे त्याचे काम!

ब्रेल ग्रंथाची गोष्ट मात्र थोडी निराळी आहे. त्यालाही 'ए' हेच अक्षर मिळते, कारण तोही भाषेतील मजकूरच आहे. तो बोटांनी वाचावयाचा आहे, हे सांगण्यासाठी नोंदीत दुसरी एक जागा राखलेली असते, आणि तेथे 'एफ' हे अक्षर लिहावे लागते. मोठ्या टाइपात छापलेल्या पुस्तकासाठी त्याच जागी 'डी' लिहितात. ही जागा कोरी ठेवली तर? कोरी जागा मुकी असते असा पुष्कळांचा समज असतो. पण येथे कोरी जागाही बोलते. ती म्हणते, "ह्यात विशेष काही नाही, हे नेहमीचे छापील पुस्तक आहे." त्या अंध विद्यार्थिनीच्या वाटेत आडवी आली ती अशीच एखादी जागा.

परंतु ग्रंथालयाचे काम वस्तू ओळखून संपत नाही. ती वाचकाला द्यावयाची असते. म्हणून दुसरा एक प्रश्न उभा राहतो : ह्या वस्तूची देवघेव कोणत्या नियमाने करावी? शब्दकोश आणि कादंबरी ही दोन्ही छापील पुस्तके आहेत. पण कादंबरी घरी नेता येते, शब्दकोश बहुधा ग्रंथालयातच बसून पाहावा लागतो. अर्थात 'वस्तू काय आहे?' आणि 'ती कशी द्यावी?' हे दोन प्रश्न वेगळे आहेत. जो ग्रंथपाल ह्या दोहोंची गल्लत करतो, त्याच्या तालिकेत गोंधळ माजतो.

आज अनेक ग्रंथालयांत 'कोहा' नावाची संगणकप्रणाली वापरतात. ती न्यूझीलंडमध्ये तयार झाली आणि २००० सालच्या आरंभी तेथील एका ग्रंथालयात सुरू झाली. 'कोहा' हा माओरी भाषेतील शब्द असून त्याचा अर्थ 'भेट' असा आहे. नावाप्रमाणेच ही प्रणाली कोणालाही विनामूल्य घेता येते. तिच्यात काम सुरू करण्यापूर्वी ग्रंथपालाला आपल्या साहित्याचे प्रकार ठरवावे लागतात. प्रत्येक प्रकाराला एक छोटे संकेतनाम आणि एक वर्णन द्यावयाचे असते. वर्णन पुढे बदलता येते. संकेतनाम मात्र एकदा ठरले की बदलता येत नाही. ज्या प्रकाराखाली काही वस्तू नोंदलेल्या आहेत, तो पुसूनही टाकता येत नाही. आधी त्या वस्तू दुसऱ्या प्रकाराखाली हलवाव्या लागतात. म्हणून हे काम घाईने करावयाचे नसते. त्यानंतर प्रत्येक प्रकारासाठी नियम लिहितात : कोणत्या वाचकाला किती वस्तू द्याव्यात, किती दिवसांसाठी द्याव्यात, मुदत पुन्हा वाढवावी की नाही, उशिराबद्दल दंड किती घ्यावा. एकाच ग्रंथाच्या दोन प्रतींनाही दोन निरनिराळे प्रकार देता येतात. एक प्रत घरी नेण्यासाठी, दुसरी जागेवर वाचण्यासाठी.

नियम लिहून झाले, की यंत्र ते निमूटपणे पाळते. येथेच सावधपणा हवा. समजा, शाईने लिहिलेली एक जुनी पोथी ग्रंथालयाला देणगी म्हणून मिळाली आणि नोंद करताना तिला 'पुस्तक' हा प्रकार लागला. कोणी मागणी केली, तर यंत्र ती पोथी कादंबरीप्रमाणे चौदा दिवसांसाठी देऊन टाकील. पोथीचे वय, तिच्या कागदाची नाजुकता, हे यंत्राला दिसत नाही. छापील पुस्तक हरवले तर दुसरी प्रत विकत आणता येते. पोथीची दुसरी प्रत नसते. एकाच ग्रंथाच्या दोन पोथ्याही तंतोतंत सारख्या नसतात, कारण प्रत्येक लेखनिकाच्या हातून काही ना काही बदल होतोच. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताची चिकित्सित आवृत्ती सिद्ध करण्याचे काम चालले. ते शक्य झाले, कारण ठिकठिकाणच्या पोथ्या जतन झाल्या होत्या आणि विद्वानांना एकमेकींशी ताडून पाहता आल्या. त्यांतील प्रत्येक पोथी ही एक स्वतंत्र साक्ष होती.

मग प्रकार किती असावेत? फार थोडे ठेवले, तर पोथी आणि पुस्तक एका माळेचे मणी होतात. फार वाढविले, तर नोंद करणाऱ्यालाच त्यांतील भेद कळेनासा होतो आणि एकाच जातीच्या वस्तू तीन ठिकाणी विखुरतात. ह्यावर एक साधी कसोटी आहे. ज्या भेदामुळे वाचकाच्या शोधात किंवा देवघेवीच्या नियमात फरक पडतो, तो भेद ठेवावा. ज्याने काहीच फरक पडत नाही, तो सोडून द्यावा. लाल बांधणीची पुस्तके आणि निळ्या बांधणीची पुस्तके असे दोन प्रकार कोणी करीत नाही, त्याचे कारण हेच.

भारतातील ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन यांनी १९३१ साली ह्या शास्त्राची पाच सूत्रे प्रसिद्ध केली. ग्रंथ वापरण्यासाठी असतात, वाचकाला त्याचा ग्रंथ आणि ग्रंथाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे, वाचकाचा वेळ वाचला पाहिजे आणि ग्रंथालय सतत वाढत राहते, असा त्यांचा आशय आहे. ही सूत्रे भिंतीवर टांगून अमलात येत नाहीत. ती अमलात येतात नोंदीच्या एकेका जागेत.

वर सांगितलेल्या ग्रंथालयात कोणी तरी एके दिवशी पलीकडच्या दालनात जाईल, ती ब्रेल प्रत हाती घेईल, तिची नोंद उघडील आणि कोऱ्या जागेत एक अक्षर लिहील. ह्या कामाला अर्धे मिनिटही लागणार नाही. ते कोणी केले, हे त्या विद्यार्थिनीला कधी कळणारही नाही. पण पुढच्या वेळी ती येईल, तेव्हा तिच्या बोटांखालची पाने सपाट नसतील.

शब्दार्थ

तालिका – ग्रंथालयातील वस्तूंच्या नोंदींचा व्यवस्थित संग्रह
देवघेव – ग्रंथ वाचकाला देणे व परत घेणे
संकेतनाम – खुणेसाठी ठरविलेले छोटे नाव
लेखनिक – लिहून प्रत तयार करणारा
चिकित्सित – बारकाईने तपासून सिद्ध केलेली
ताडून पाहणे – तुलना करून पडताळणे
एका माळेचे मणी – एकाच प्रकारचे

स्वाध्याय

१. एकेका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) नोंदीतील साहित्यप्रकार वाचकाला काय सांगतो?
(आ) 'कोहा' ह्या शब्दाचा अर्थ काय?
(इ) ब्रेल ग्रंथालाही 'ए' हेच अक्षर का मिळते?

२. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) अंध विद्यार्थिनीला ब्रेल प्रत का मिळाली नाही? चूक नेमकी कोठे होती?
(आ) 'कोरी जागाही बोलते' ह्या विधानाचा अर्थ स्पष्ट करा.
(इ) छापील पुस्तक आणि पोथी यांना एकच प्रकार दिला तर कोणता धोका संभवतो?

३. 'साहित्य' ह्या शब्दाप्रमाणे 'पत्र', 'अंक' आणि 'पान' ह्या शब्दांनाही एकाहून अधिक अर्थ आहेत. प्रत्येक अर्थाने एकेक वाक्य तयार करा.

४. आपल्या शाळेच्या ग्रंथालयातील वस्तूंची पाहणी करा. त्यांचे किती प्रकार करावेत हे ठरवा आणि प्रत्येक प्रकारासाठी देवघेवीचा एकेक नियम कारणासह लिहा.