शाळामास्तर ते दिग्दर्शक : आचार्य अत्रे

मंडळी, आपण नाटक पाहतो, सिनेमा पाहतो. घरी येताना नट-नट्यांची नावे घेतो. पण या सगळ्यांच्या मागे एक माणूस असतो. कुणी कुठे उभे राहायचे, कोणते वाक्य कसे बोलायचे, चित्र जवळून घ्यायचे की लांबून, हे तो ठरवतो. त्याला दिग्दर्शक म्हणतात. गाडीत बसणारे पुष्कळ, पण कासरा एकाच्याच हाती असतो. तसेच हे काम आहे.

आज अशा एका माणसाची माहिती वाचू. त्यांचे नाव प्रल्हाद केशव अत्रे. लोक त्यांना आचार्य अत्रे म्हणत.

अत्र्यांचा जन्म १३ ऑगस्ट १८९८ रोजी झाला. पुणे जिल्ह्यात सासवडजवळ कोढीत हे त्यांचे गाव. शिकून ते शिक्षक झाले. पुढे पुण्याच्या कॅम्प भागातल्या एका शाळेचे मुख्याध्यापक झाले. शिकवावे कसे, हे शिकायला ते विलायतेलाही गेले. पोरांना वाचनाची गोडी लागावी म्हणून त्यांनी 'नवयुग वाचनमाला' ही पुस्तके तयार केली.

मास्तरकी करता करता ते नाटके लिहू लागले. १९३३ साली त्यांचे 'साष्टांग नमस्कार' हे नाटक रंगभूमीवर आले. लोक पोट धरधरून हसले. पुढे 'लग्नाची बेडी' आले. १९६२ साली 'तो मी नव्हेच' आले. नाव-गाव बदलून बायकांना फसवणारा एक भामटा त्यात आहे. लोकांना हसवता हसवता शहाणे करायचे, ही अत्र्यांची रीत.

मग ते सिनेमाकडे वळले. आधी ते नुसत्या गोष्टी लिहून देत. नंतर स्वतः दिग्दर्शन करू लागले. नाटक आणि सिनेमा यांत एक फरक आहे. नाटकात मागच्या रांगेतल्या माणसाला आईच्या डोळ्यांतले पाणी दिसत नाही. सिनेमात तिचा चेहरा पडदाभर दाखवता येतो. ती काही बोलली नाही तरी तिचे दुःख शेवटच्या माणसापर्यंत पोचते.

अशी एक आई अत्र्यांनी पडद्यावर आणली. ती गोष्ट ज्यांनी लिहिली, ते आपल्या खानदेशातले लाडके मास्तर, साने गुरुजी. त्यांचा जन्म कोकणातला. पण १९२४ ते १९३० अशी सहा वर्षे त्यांनी अमळनेरला शिकवले. छात्रालयातल्या मुलांची त्यांनी आईच्या मायेने काळजी घेतली. स्वातंत्र्याच्या लढ्यात ते तुरुंगात गेले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली. ती गुरुजींनीच लिहून घेतली. पुढच्या वर्षी नाशिकच्या तुरुंगात त्यांनी 'श्यामची आई' लिहिली. तीही अवघ्या पाच दिवसांत!

घरात गरिबी, डोक्यावर कर्ज, दारात सावकाराचा माणूस. अशातही ती आई मुलाला वाकडी वाट धरू देत नाही. पायाला घाण लागू नये म्हणून जपतोस, तसेच मनालाही जप, असे ती श्यामला सांगते. कर्जाचा काच कास्तकाराला कुणी समजावून सांगायला नको. म्हणून ही गोष्ट आपल्याच घरातली वाटते.

१९५३ साली अत्र्यांचा 'श्यामची आई' हा चित्रपट आला. वनमालाबाई आई झाल्या. माधव वझे हा मुलगा श्याम झाला. त्या काळी देशात शंभरांतल्या सुमारे अठरा लोकांनाच लिहिता-वाचता येत होते. बाकीच्यांना पुस्तक असून नसल्यासारखे. चित्रपटाने ती आई त्यांच्याही समोर उभी केली. १९५४ साली सरकारने चांगल्या चित्रपटांना बक्षिसे देणे सुरू केले. राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक याच मराठी चित्रपटाला मिळाले.

नंतर अत्र्यांनी 'महात्मा फुले' हा चित्रपट काढला. जोतिराव आणि सावित्रीबाईंनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली. त्यापायी लोकांचा छळ सोसला. ती कथा यात आहे. गाडगेबाबांचे कीर्तनही यात आहे. या चित्रपटाला रौप्यपदक मिळाले.

मराठी माणसांचे एक राज्य व्हावे म्हणून अत्रे लेखणीने आणि भाषणांनी झुंजले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. १३ जून १९६९ रोजी अत्रे वारले.

सिनेमा त्याच्या चालीने पळतो. पुस्तक आपण आपल्या चालीने वाचतो. डोळे भरून आले तर थांबता येते. एखादे वाक्य पुन्हा वाचता येते. 'श्यामची आई' या पुस्तकात बेचाळीस रात्री आहेत, म्हणजे बेचाळीस प्रकरणे. आता तुम्हाला अक्षर येते. वाचनालयातून पुस्तक आणा. रोज रात्री एक प्रकरण वाचा, घरच्यांना मोठ्याने वाचून दाखवा. दीड महिन्यात पुस्तक पुरे होईल.

प्रश्न
१. दिग्दर्शकाचे काम काय असते?
२. साने गुरुजींनी खानदेशात कोणते काम केले?
३. नाटकात न दिसणारी कोणती गोष्ट सिनेमात दाखवता येते?
४. आपल्या आईने शिकवलेली एक गोष्ट पाच ओळींत लिहा.