निरंक

लातूरच्या गुणवंत मुलांविषयी महाराष्ट्रात कौतुकाने, आणि क्वचित असूयेनेही, बोलले जाते, त्यात वावगे काही नाही. कारण ज्या मुलखात एके काळी शाळेपुढचे शिक्षण घ्यायचे तर हैदराबादची किंवा औरंगाबादची वाट धरावी लागे, त्याच मुलखात 1961 साली दयानंद शिक्षण संस्था आणि 1970 साली राजर्षी शाहू महाविद्यालय उभे राहिले आणि पुढच्या दोन-तीन दशकांत जादा तासिका, सराव परीक्षा व उत्तरपत्रिकांची काटेकोर तपासणी यांच्या बळावर ‘लातूर पॅटर्न’ या नावाचा दबदबा राज्यभर निर्माण झाला. त्या पद्धतीची निंदा करण्यासाठी मी लेखणी उचललेली नाही. वैद्यकीय किंवा अभियांत्रिकी शिक्षणक्रमाकडे जाणाऱ्या मुलाने तर माझे पुढचे बोलणे मनावर घेऊन आपला अभ्यास मुळीच विस्कटू नये. तेथील प्रवेश नीट आणि सीईटी या परीक्षांच्या गुणांनुसार होतात. वक्तृत्वाच्या ढालीने किंवा कबड्डीच्या प्रशस्तिपत्राने तेथील गुणानुक्रम सरसकट वर सरकत नाही. माझे सांगणे आहे ते, गुणपत्रिका दाखवून झाल्यावरही ‘तू कोण?’ असा प्रश्न ज्या थोड्या दारांवर विचारला जातो, त्या दारांपुरते. तशा एका दारावरून मी परत फिरलो आहे.

खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत प्रवेश मिळवायचा तर प्रथम लेखी परीक्षा द्यावी लागते आणि तीत उत्तीर्ण होणारास सेवा निवड मंडळापुढे, म्हणजे एसएसबीपुढे, सुमारे पाच दिवस हजर राहावे लागते. लेखी परीक्षेला गुण 900 आणि मंडळापुढील कसोट्यांनाही नेमके तितकेच 900, ही गोष्ट मी आमच्याकडच्या पालकांना सांगतो तेव्हा बहुतेकांना ती खरी वाटत नाही. निम्मे गुण ज्या विषयाला आहेत तो विषय पुस्तकातून पाठ करता येऊ नये, हे लातूरच्या हवेत वाढलेल्या मनाला पटणे कठीणच आहे. मलाही ते पटलेले नव्हते. आमचे शिरूर अनंतपाळ तेव्हा तालुक्याचे ठिकाण झालेले नव्हते आणि किल्लारीच्या भूकंपाला फार दिवस लोटले नव्हते. बारावीला मला उत्तम गुण होते, गणितात तर बोलायला जागा नव्हती आणि लेखी परीक्षाही पहिल्याच खेपेला पार पडली होती. लातूरहून छोट्या रुळाच्या गाडीने कुर्डुवाडी आणि तेथून मोठ्या गाडीने दौंड-मनमाडमार्गे भोपाळ असा प्रवास करीत मी निघालो, तो आता उरले आहे ते केवळ सोपस्कारापुरते, अशाच समजुतीने.

मंडळाच्या आवारात पाऊल टाकल्यावर उमेदवाराच्या छातीवर एक क्रमांक चढतो आणि त्याच्या हाती एक माहितीपत्रक देण्यात येते. त्यात जन्मगाव, गावाची लोकसंख्या, ते जिल्ह्याचे ठिकाण आहे की नाही, वडिलांचा व्यवसाय व उत्पन्न, शाळेपासूनचे गुण, असा तपशील विचारलेला असतो. तेथवर माझी लेखणी झरझर चालली. पुढे खेळ, छंद, अभ्यासेतर कार्य, एनसीसी आणि जबाबदारीची पदे यांचे रकाने होते. सरकारी दप्तरात काही नोंदण्यासारखे नसले म्हणजे कारकून जो शब्द लिहितात, त्याच अर्थाचा शब्द मी एकापाठोपाठ एक रकान्यांत लिहीत गेलो, आणि मला त्यात कमीपणा तर वाटला नाहीच, उलट वेळ वाया न दवडल्याचा दाखलाच आपण देत आहोत असे वाटले. हे पत्रक पुढे मुलाखत घेणाऱ्या अधिकाऱ्याच्या टेबलावर असते आणि त्याचे बहुतेक प्रश्न त्यातल्या मजकुरातून निघतात, हे मला ठाऊक नव्हते. ज्याच्या पत्रकात काहीच नाही त्याला विचारायचे तरी काय, ही अडचण त्या सज्जन अधिकाऱ्याची झाली असली पाहिजे. कारण बराच वेळ कागद चाळून त्याने मला विचारले की तू लातूरचा, तर भूकंपाच्या वेळी कोठे होतास?

वास्तविक, उमेदवाराच्या हिताचा याहून मोठा प्रश्न शोधून सापडला नसता. 30 सप्टेंबर 1993 च्या त्या पहाटे, गणेश विसर्जनाच्या रात्रीचा शीण घेऊन झोपलेला आमचा सगळा मुलूख हादरून जागा झाला होता. पुढचे कित्येक दिवस गावोगाव घरोघरच्या चुली भूकंपग्रस्तांसाठी भाकऱ्या भाजत होत्या आणि त्या भाकऱ्या, जुने कपडे, घोंगड्या गोळा करून, त्यांची गाठोडी बांधून, कोणाच्या घरून काय आले त्याची यादी करून ट्रकवर चढविणाऱ्या पोरांत मीही होतो. मी मात्र उत्तर दिले ते असे: धक्का पहाटे चारच्या सुमारास बसला, रिश्टर मापनानुसार तीव्रता 6.4 होती, मृतांची संख्या दहा हजारांच्या आसपास गेली, केंद्र किल्लारीजवळ होते आणि दख्खनचे पठार तोवर भूकंपाच्या दृष्टीने सुरक्षित मानले जात असे. सामान्यज्ञानाच्या पेपरात या उत्तराला पैकीच्या पैकी गुण पडले असते. अधिकाऱ्याने ते शांतपणे ऐकून घेतले आणि विषय बदलला.

गट-कसोट्यांच्या दिवशी याचाच दुसरा प्रयोग झाला. गट-नियोजन नावाचा एक प्रकार तेथे असतो. एखाद्या परिसराचे प्रतिरूप समोर मांडलेले असते, कोठे अपघात, कोठे आग, कोठे रुग्ण, अशी एकाच वेळी ओढवलेली संकटे सांगितली जातात आणि हाताशी असलेल्या वेळात व साधनांत काय करावे हे प्रत्येकाने लिहून मग सर्वांनी मिळून ठरवायचे असते. आमच्या प्रतिरूपात नदी होती, पायवाट होती, खेडे होते. शहरातली, सैनिकी शाळांतली मुले मोठमोठ्याने पूल बांधण्याच्या गोष्टी करीत होती, आणि घरणी नदीचे पाणी चढले की बैलगाडी कोठून उतरवायची, आजारी माणसाला बाजेवर घालून पलीकडे कसे न्यायचे, कोणाला आधी हाक मारायची, हे ज्याने लहानपणापासून पाहिले होते तो मी, कोणी विचारील तेव्हा सांगू म्हणून गप्प बसलो होतो. मी लिहून काढलेली योजना चांगली होती, असे मला आजही वाटते. पण वर्गात गुरुजींनी नाव घेतल्यावाचून उठायचे नाही, ही ज्याची अकरा-बारा वर्षांची तालीम, त्याला आठ-दहा अनोळखी मुलांच्या गलबल्यात आपले म्हणणे शांतपणे पण ठामपणे पुढे कसे करावे हे त्या घटकेला सुचावे कोठून?

अखेरच्या दिवशी सर्व परीक्षक एकत्र बसतात, प्रत्येक उमेदवाराला क्षणभर बोलावून घेतात आणि थोड्या वेळाने निवडलेल्यांचे क्रमांक पुकारले जातात. माझा पुकारला गेला नाही. मंडळ कारण सांगत नाही, तेव्हा वरील प्रसंगांमुळेच मी नाकारला गेलो असे शपथेवर सांगण्याचा मला अधिकार नाही. मी मांडतो आहे ते अनुमान, परंतु पुढे अध्यापकी पत्करल्यावर या वाटेने गेलेल्या मुलांशी जे बोलणे होत गेले, त्याने ते दृढच होत गेले आहे.

मंडळ जे गुण शोधते त्यांची नावे गुप्त नाहीत: व्यवहारोपयोगी बुद्धी, संघटनक्षमता, अभिव्यक्ती, सहकार्य, जबाबदारीची जाणीव, पुढाकार, निर्णयाची त्वरा, उत्साह, चिकाटी, धैर्य, आणि अशीच आणखी काही, मिळून पंधरा. ही यादी शांतपणे वाचून मग आपल्या गावातल्या अखंड हरिनाम सप्ताहाकडे पाहावे. शिधा कोणाकडून किती आला, पंगती किती बसवायच्या, पाणी पुरेल का, वाढपी कोण, रुसलेल्या भावकीला कोणी जाऊन आणायचे, आयत्या वेळी पाऊस आला तर मंडप कोठे हलवायचा, हे सारे जी पोरे सांभाळतात त्यांना संघटनक्षमता निराळी शिकवावी लागते काय? मृगाच्या तोंडावर बियाण्याची जुळणी करणारा, रात्रीच्या विजेच्या पाळीत एकट्याने पाणी देणारा, माल लातूरच्या अडतीवर नेऊन पट्टी तपासून घेणारा सोळा वर्षांचा मुलगा पुष्कळ काही करीत असतो, पण ते ‘कार्य’ आहे असे त्याला कोणी कधी सांगितलेले नसते, कारण त्याचे प्रशस्तिपत्र मिळत नाही. आणि दहावी होताच आपण त्याला लातूरच्या खोलीवर नेऊन ठेवतो, डबा लावून देतो आणि दोन वर्षे सप्ताहाला, पेरणीला, लग्नकार्यालासुद्धा गावी येऊ नको म्हणून बजावतो. त्या दोन वर्षांत गुण येतात. बाकीचे जे अंगी होते ते वापरावाचून गंजते.

हा केवळ सैन्याच्या परीक्षेचा प्रश्न नाही. बेंगळुरूच्या अझीम प्रेमजी विद्यापीठासारख्या संस्थांत प्रवेश परीक्षेनंतर मुलाखत असते. अमेरिकेतील बहुसंख्य नामांकित विद्यापीठे जो सामाईक अर्ज वापरतात त्यात अभ्यासेतर कार्यासाठी दहा जागा असतात, आणि आमच्या लोकांनी ध्यानात घ्यावी अशी गोष्ट ही की, त्यातील प्रकारांच्या यादीत पगारी काम आणि कौटुंबिक जबाबदाऱ्या यांचाही स्पष्ट समावेश आहे. धाकट्या भावंडांना सांभाळणारी मुलगी तेथे ती गोष्ट उजळ माथ्याने लिहू शकते.

मात्र ‘व्यक्तिमत्त्व’ पाहण्याच्या या पद्धतीचा मी आंधळा भक्तही नाही. हार्वर्डसारख्या विद्यापीठांनी 1920 नंतरच्या दशकात चारित्र्य आणि नेतृत्व यांना प्रवेशात वजन दिले, त्यामागे गुणांच्या बळावर येणाऱ्या ज्यू विद्यार्थ्यांची संख्या आटोक्यात ठेवण्याचा हेतू होता, हे इतिहासात नमूद आहे. ब्रिटिश सैन्याने 1942 साली अधिकारी निवडीची जी मंडळे स्थापन केली, ज्यांच्या धर्तीवर आपली मंडळे उभी राहिली, त्यांचा उद्देश नेमका उलटा, म्हणजे घराणे आणि शाळा पाहून माणूस निवडण्याची जुनी चाल मोडण्याचा होता. एकच माप दोन प्रकारच्या हातांत दोन प्रकारे वापरले जाते. तेव्हा गुणांचे माप निदान सर्वांना सारखे असते, हे गरिबाने विसरू नये.

आता ज्यांना या वाटेने जायचेच आहे त्यांच्यासाठी. प्रमाणपत्रे गोळा करीत सुटू नये. एकच खेळ, पण रोज; गावात मैदान नसेल तर धावणे, आणि जमल्यास संघाने खेळायचा खेळ, कारण हरल्यावर सोबत्याला दोष न देता पुन्हा उभे राहणे त्यातच अंगवळणी पडते. शाळेत एनसीसी असल्यास ती घ्यावी; नसल्यास हळहळत बसू नये. वर्षातून निदान एक काम असे अंगावर घ्यावे की जे आपण न केल्यास चार माणसांची अडचण होईल, आणि ते झाल्यावर काय ठरविले होते, काय बिघडले, कसे निभावले, हे एका वहीत चार ओळींत टिपून ठेवावे. ही वही कोणाला दाखवायची नसते, पण पुढे रकाना भरताना आणि बोलताना तीच उपयोगी पडते. बोलण्याची भीती इंग्रजीची आहे असे आपण समजतो, पण चार अनोळखी माणसांत मराठीतूनही ज्याचे तोंड उघडत नाही त्याला इंग्रजीचा वर्ग कितीसा उपयोगी पडणार? ग्रामसभेत उठून एक प्रश्न विचारून पाहावा.

आणि खोटे लिहू नये. पुण्या-मुंबईच्या शिकवण्यांतून छंद आणि प्रसंग पाठ करवून घेतले जातात, असे मुले मला सांगतात. मंडळापुढे मानसशास्त्रज्ञ, गट-कसोट्या घेणारा अधिकारी आणि मुलाखत घेणारा अधिकारी असे तिघेजण एकाच मुलाला तीन बाजूंनी स्वतंत्रपणे पाहतात आणि शेवटी आपली टिपणे समोरासमोर ठेवतात. खेळाचा छंद लिहिणाऱ्याने अडथळ्यांच्या कसोटीत बिचकून मागे सरावे, हे तेथे झाकून राहत नाही.

पालक एक प्रश्न हमखास विचारतात: मग लातूरला पाठवायचे की नाही? पाठवावे; लेखी परीक्षेचे 900 गुण तेथल्या शिस्तीनेच मिळतात. फक्त सुट्टीत त्याला घरी येऊ द्यावे आणि घरी आल्यावर पाहुणा म्हणून बसवून ठेवू नये. प्रबोधिनीचे दार 2022 पासून मुलींनाही उघडले आहे, तेव्हा हे सारे मुलीच्या बाबतीतही तितकेच लागू. तिला ग्रामसभेत उठू देण्याचा प्रश्न मात्र घरातल्या वडील मंडळींनी आधी आपल्यापाशीच सोडवावा.

वयाचा हिशेब आधी करावा. प्रबोधिनीची वयोमर्यादा साडेसोळा ते साडेएकोणीस, परीक्षा वर्षातून दोनदा. म्हणजे बारावीनंतर जाग येणाऱ्याच्या हाती फार थोड्या संधी उरतात. छत्रपती संभाजीनगरची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था राज्य शासनाने 1977 साली मुलांना प्रबोधिनीसाठी तयार करण्याकरिता काढली असून तेथील निवड लेखी परीक्षा आणि मुलाखत अशा दोन टप्प्यांनी, दहावीतल्या मुलांमधून होते. मुलींसाठी तशीच संस्था आता नाशिकला झाली आहे. अर्जाची मुदत दहावीच्या वर्षातच येऊन जाते. म्हणून ज्या घरी हा विचार असेल त्यांनी मूल नववीत असतानाच शाळेत जाऊन अर्जाची चौकशी करावी.