बांधकामाची वर्गणी



निवासमंडपासाठी मोशेने स्वखुशीचे दान मागितले. पुरेसे जमताच 'आता आणू नका' असे त्याने छावणीत जाहीर केले (निर्गम ३६:५-७). मागण्यालाही मर्यादा असते, हे आपण यातून शिकतो.

ख्रिस्तसभेचा १९८३ चा कायदा सांगतो, की दान ज्या कामासाठी दिले त्याच कामासाठी वापरावे (कलम १२६७) आणि त्याचा हिशेब भाविकांना द्यावा (कलम १२८७). म्हणून चर्चच्या बांधकामाचा हिशेब विचारणे म्हणजे अविश्वास नव्हे.

आपल्या श्रीगोंद्यात कुणाच्या हाती उसाचे बिल आल्यावरच पैसा येतो, कुणाचे पोट रोजच्या मजुरीवर आहे. तेव्हा प्रत्येक घराला सारखीच वर्गणी लावू नये. विधवेची दोन नाणी येशूने सर्वांत मोठी मानली (मार्क १२:४१-४४). पैसा नसेल त्याने श्रमदान करावे. वर्गणी राहिली म्हणून कुणी मिस्साला यायला लाजू नये. चर्च त्याचेही आहे.