तात्पुरती वीज आणि तिची शिस्त

श्रीनगरहून झोजी ला, द्रास व कारगिलमार्गे लेहपर्यंत जाणारी 220 किलोव्होल्टची विद्युत्‌वाहिनी 2019 च्या फेब्रुवारीत राष्ट्रास अर्पण झाली. तोपर्यंत लेहचा परिसर देशाच्या विद्युत्‌जालाशी जोडलेला नव्हता. तेथील भिस्त स्थानिक जलविद्युत् व डिझेलवर चालणारी जनित्रे यांवर असे. कायमची सोय होईपर्यंत तात्पुरत्या सोयीने दिवस काढणे हे दुर्गम प्रदेशांत नेहमीच घडते.

मोठी वाहिनी आल्यावरही हा प्रश्न संपत नाही. शहरात एक वाहिनी दुरुस्तीस घेतली, तर बहुधा दुसरीने पुरवठा करता येतो. डोंगरातील गावाला अनेकदा एकच वाहिनी असते. तिचे खांब व तारा बदलावयाच्या, तर तेवढे दिवस गावासाठी जनित्र आणावे लागते.

ते केवढे असावे? समजा, 80 घरे आहेत व प्रत्येक घर एका वेळी 250 वॅट वीज वापरते. ही मागणी 20 किलोवॅट झाली. तीत दवाखाना व पाण्याचा पंप मिळवावा. पंपाची मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह खेचते. म्हणून जनित्राच्या शक्तीत काही राखीव अंश ठेवावा लागतो. शिवाय सुमारे 3,500 मीटर उंचीवरील लेहमध्ये हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोनतृतीयांश भरतो. प्राणवायू कमी पडल्याने साध्या इंजिनाची शक्ती घटते. कडक थंडीत सामान्य डिझेलमधील मेण गोठून नळ्या तुंबतात, ते वेगळेच.

परंतु खरा धोका जनित्र जोडण्यात आहे. गावातील रोहित्र 11,000 व्होल्टचा दाब 433 व्होल्टवर आणते. हेच रोहित्र उलट दिशेनेही तितकेच चोख काम करते! ते मुख्य वाहिनीपासून न तोडता गावच्या तारांना जनित्र जोडले, तर बंद समजल्या गेलेल्या वाहिनीत सुमारे 11,000 व्होल्टचा दाब निर्माण होतो. आणि त्याच वेळी खांबावर लाइनमन काम करीत असतो.

यास्तव पुढील क्रम कधीही मोडू नये. प्रथम रोहित्राच्या दोन्ही बाजूंचे स्विच उघडून त्यांस कुलूप व सूचनाफलक लावावा. मग तारा निर्जीव आहेत याची उपकरणाने खात्री करावी. त्यानंतर कामाच्या जागेच्या दोन्ही अंगांस तारा जमिनीशी जोडाव्यात. हे सर्व झाल्यावरच जनित्र सुरू करावे. काम संपताच प्रथम जनित्र बंद करून तोडावे, सर्व माणसे खाली उतरल्याची मोजणी करावी, जमिनीचे जोड काढावेत व मगच वाहिनीत वीज सोडावी.

घरचे लहान जनित्र भिंतीवरील प्लगमध्ये जोडणाऱ्यासही हाच नियम लागू आहे. दोहोंपैकी एकच पुरवठा जोडू देणारा बदल-स्विच बसविल्याखेरीज तसे करणे म्हणजे दूरच्या खांबावरील अपरिचित माणसाचा जीव धोक्यात घालणे होय.

अभ्यास : वरील रोहित्रास 433 व्होल्टच्या बाजूने केवळ 216 व्होल्ट दिले, तर वाहिनीत किती दाब येईल? तो निर्धोक म्हणता येईल काय?